वरचा मजला भाड्याने द्यावा, की घर बँकेकडे गहाण ठेवावं?

नागपुरात प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, नंदनवन, मानेवाडा, कुठल्याही जुन्या लेआउटमध्ये संध्याकाळी चक्कर मारली की एक ठराविक घर दिसतंच. दीड-दोन हजार फुटांचा प्लॉट, फाटकाशी पेरूचं नाहीतर कडीपत्त्याचं झाड, खाली दिवा लागलेला आणि वरचा मजला अंधारात. वरच्या खोल्यांत मुलांची अकरावी-बारावीची पुस्तकं आणि दोन उन्हाळे न उघडलेला कूलर. मुलं पुण्यात, हैदराबादेत, काही त्याहून लांब. घराची किंमत विचारली तर दलाल सहज कोटीच्या पुढचा आकडा सांगतो. त्याच घरात औषधांच्या दुकानातून महिन्याच्या गोळ्या एकदम आणायच्या की पंधरा-पंधरा दिवसांच्या, यावर चर्चा चालू असते.

सरकारी नोकरीतून रिटायर झालेल्यांचा हा प्रश्न सहसा नसतो. त्यांचं पेन्शन महागाई भत्त्यासोबत वाढतं. अडचण असते ती हिंगणा एमआयडीसीत तीस वर्षं काढलेल्यांची, खाजगी शाळेतल्या शिक्षकांची, दुकान चालवून थकलेल्यांची. ईपीएस-९५ या पीएफशी जोडलेल्या पेन्शन योजनेतलं किमान पेन्शन २०१४ मध्ये महिन्याला १,००० रुपये ठरलं, यावरून अंदाज यावा. पीएफचा पैसा मुलीच्या लग्नात आणि घराच्या स्लॅबमध्ये गेलेला. म्हणजे आयुष्यभराची बचत शिल्लक आहे, पण ती विटांमध्ये अडकली आहे.

अशांसाठीच रिव्हर्स मॉर्गेज. घर बँकेकडे गहाण ठेवायचं, राहायचं तिथेच, आणि बँक दर महिन्याला तुम्हाला पैसे देणार. हप्ता भरायचा नाही, उत्पन्नाचा दाखला नाही. नवरा-बायको दोघंही गेल्यावर घर विकून किंवा वारसांकडून बँक आपलं येणं वसूल करणार. २००७-०८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ही कल्पना मांडली गेली, त्याच वर्षी राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने, म्हणजे एनएचबीने, मार्गदर्शक नियम काढले आणि २००८ मध्ये करसवलत आली. इतकी वर्षं होऊनही योजना आपल्याकडे रुळली नाही. शेजारी ‘घर बँकेला देऊन राहिले का?’ म्हणतील ही भीती हे त्याचं एक कारण. पण ज्यांनी भीड सोडून हिशेब मांडला त्यातलेही बरेच जण मागे फिरले, आणि त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. आधी तोच मांडू.

समजा घराची किंमत ६० लाख. बँक पूर्ण किमतीवर कर्ज देत नाही. किमतीच्या किती टक्के कर्ज द्यायचं ते वयाप्रमाणे ठरतं आणि वय जितकं कमी तितके टक्के कमी. सोयीसाठी ६० टक्के धरू, म्हणजे ३६ लाख. इथे बहुतेकांची पहिली गल्लत होते. ३६ लाख भागिले १८० महिने, म्हणजे १५ वर्षं दरमहा २० हजार मिळणार, असं मनातल्या मनात गणित होतं. तसं नाही. हे ३६ लाख म्हणजे मुदतीच्या शेवटी मुद्दल अधिक व्याज मिळून होणारी रक्कम. व्याज तुम्ही भरत नसल्यामुळे ते दर महिन्याला कर्जातच मिसळतं आणि त्याची जागा या ३६ लाखांतच धरलेली असते. दर १०.५ टक्के आणि मुदत १५ वर्षं धरली तर हाती येतात महिन्याला साधारण ८,३०० रुपये. मुदत २० वर्षं केली तर ४,४५० च्या आसपास. १० वर्षं ठेवली तर जवळपास १७,१००.

पंधरा वर्षांचा हिशेब जरा जवळून पाहू. पहिल्या वर्षाअखेर तुम्ही उचललेले असतात जवळजवळ एक लाख, आणि कर्ज दिसतं १ लाख ४ हजार. व्याज पाचेक हजार, काहीच वाटत नाही. पाच वर्षांनी उचललेले ५ लाख, कर्ज साडेसहा लाख. दहा वर्षांनी उचललेले १० लाख, कर्ज साडेसतरा. अकराव्या वर्षाच्या पहिल्याच महिन्यात खात्यावर १५,३०० रुपये व्याज चढतं, आणि तुमच्या हातात पडतात तेच ८,३००. पंधरा वर्षं संपताना एकूण हाती आलेले असतात १५ लाखांच्या जरा आत. कर्ज ३६ लाख. २१ लाख व्याजाचे.

यात बँकेने फसवलं असं काही नाही. चक्रवाढ आपलं काम करते, एवढंच. फक्त सुरुवातीची वर्षं स्वस्त वाटतात आणि शेवटची महाग पडतात, हे सही करताना ठाऊक असावं. बँकेकडून दर वर्षीचं अंदाजपत्रक छापून घ्या: अमुक वर्षी एकूण दिलेली रक्कम, चढलेलं व्याज, एकूण येणं. व्याजदर बदलता असेल तर तो एक-दीड टक्क्याने हलल्यावर काय होईल याचाही तक्ता मागा. वरच्याच उदाहरणात दर ९ टक्के धरला तर महिन्याचे ८,३०० ऐवजी ९,५०० मिळतात. एवढा फरक पडतो.

आता मुदत संपल्यावर काय? इथे नियम कर्जदाराच्या बाजूचे आहेत. पैसे मिळणं थांबतं, पण घर सोडावं लागत नाही. दोघांपैकी शेवटची व्यक्ती हयात असेपर्यंत आणि त्या घरात राहत असेपर्यंत बँक वसुलीला येऊ शकत नाही. शिवाय कर्ज कितीही फुगलं तरी घर विकून जे निव्वळ हाती येईल त्यापलीकडे कर्जदाराकडे किंवा वारसांकडे मागता येत नाही. मुलांच्या पगारावर, इतर मालमत्तेवर हात पडत नाही. वरच्या उदाहरणात पंधरा वर्षांनंतर आणखी पाच वर्षं तसंच राहिलं तर ३६ लाखांचे ६० लाखांच्या वर होतात, म्हणजे आज घराची जी किंमत आहे तेवढं कर्ज. त्या वीस वर्षांत घर दर वर्षी ५ टक्क्यांनी वाढलं असेल तर त्याची किंमत दीड कोटीच्या वर गेलेली असेल आणि वारसांना ९५ लाख तरी सुटतील. वाढ त्याहून कमी असेल तर कमी. जमिनीसकट घर असेल तर ही आशा धरायला हरकत नाही. पंचवीस वर्षं जुन्या फ्लॅट स्कीममधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला, लिफ्ट नसताना, मी ती धरणार नाही.

खरी अडचण वारसांची नाहीच. वय ६५ ला योजना घेतली आणि १५ वर्षांची मुदत असेल तर पैसे थांबतात ८० व्या वर्षी. गुडघे थकलेले, रात्रपाळीला आया ठेवावी लागतेय, आणि नेमका तेव्हाच खात्यात जमा होणारा आकडा शून्य. एनएचबीच्या चौकटीत मुदत २० वर्षांपर्यंत जाऊ शकते, पण अनेक बँका १५ वर थांबतात, आणि २० घेतली तर रक्कम इतकी आटते की तिच्यात किराणा भागत नाही. यावर तोड म्हणून २००९ मध्ये सेंट्रल बँक ऑफ इंडिया आणि स्टार युनियन दाई-इची यांनी आयुष्यभर पैसे देणारा प्रकार आणला होता: बँक एकरकमी पैसे विमा कंपनीला देते आणि कंपनी तहहयात रक्कम देते. कल्पना चांगली. बँकेत जाल तेव्हा तुमच्या वयाला आणि घराला तो प्रकार लागू होतो का, हे आवर्जून विचारा.

म्हणून सुरुवातीचा प्रश्न पुन्हा विचारावा लागतो. वरचा मजला रिकामा आहे ना? इंजिनिअरिंगच्या मुलांना, बदलीवर आलेल्या बँकवाल्याला, एम्स किंवा मिहानकडे नोकरीला लागलेल्या जोडप्याला नागपुरात दोन खोल्या, संडास-बाथरूम आणि वेगळा जिना हवाच असतो. दुरुस्ती, रंग, वेगळं वीज मीटर, खिडक्यांना जाळ्या एवढा खर्च केला की त्या ८,३०० च्या जवळपासचं किंवा वरचं भाडं मिळणं अवघड नाही. घर गहाण नाही, व्याज नाही, आणि रात्री-अपरात्री हाक मारायला कोणीतरी वर आहे. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवायचा आणि पोलीस स्टेशनला माहिती द्यायची. त्रास आहेच. पाण्याची टाकी कोणी संपवली यावरून कटकट होते, पार्किंगवरून होते. तरी रिव्हर्स मॉर्गेजचा विचार करणाऱ्याने आधी हा रस्ता संपवावा.

का, तर दोन्ही एकत्र चालत नाहीत. घर स्वतःच्या राहण्यासाठीच असावं अशी अट असते, आणि घराचा भाग किंवा सगळं घर भाड्याने देणं, त्यावर आणखी बोजा चढवणं, नवीन मालकाचं नाव घालणं, यातलं काहीही केलं तर बँक कर्ज परत मागू शकते. वर कॉलेजची पोरं ठेवून खाली बँकेचे पैसे घेत बसू, हा बेत कागदावरच राहतो. आधीच भाडेकरू असेल तर अर्ज करण्यापूर्वी बँकेला लेखी विचारा. तोंडी ‘चालतं हो’ ऐकून पुढे जाऊ नका.

दुसरा रस्ता विकण्याचा. तो ऐकताच अनेकांचा चेहरा पडतो, पण आकडे बघण्यासारखे आहेत. ६० लाखांचा फ्लॅट विकला आणि कर, दलाली वजा जाता ५५ लाख हाती आले असं धरू. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, नवरा-बायकोला मिळून ६० लाख. २०२५ मध्ये तिचा दर ८.२ टक्के होता. खातं उघडताना जो दर असेल तोच पाच वर्षं टिकतो आणि व्याज दर तिमाहीला मिळतं. ५५ लाखांवर महिन्याला सरासरी ३७,५०० रुपये होतात. त्यातून भाडं १५ हजार गेलं तरी २२ हजारांवर उरतात, आणि ५५ लाख जागच्या जागी राहतात. रिव्हर्स मॉर्गेजचे ८,३०० यापुढे फार तोकडे दिसतात.

याची दुसरी बाजू अशी की भाडं वाढत जातं आणि व्याज वाढत नाही. सत्तरीच्या जोडप्याला घर द्यायला घरमालक काचकूच करतात. दर दोन-तीन वर्षांनी ट्रंका-कपाटं हलवणं या वयात जिवावर येतं. म्हणून मोठं घर असलेल्यांनी भाड्याऐवजी लहान घर विकत घेण्याचा विचार करावा. प्रतापनगरचं दीड कोटीचं घर विकून लिफ्ट असलेल्या इमारतीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला तर उरलेल्या पैशांवर व्याज चालू राहतं आणि जिनाही सुटतो. विक्रीच्या आधीच्या १ वर्षात किंवा नंतरच्या २ वर्षांत घर घेतलं तर नफ्यातला जेवढा भाग त्यात गुंतला तेवढ्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. उरलेल्यावर लागतो: १२.५ टक्के, किंवा २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेलं घर असेल तर महागाई निर्देशांक लावून २० टक्के, यातलं जे कमी पडेल ते. महाराष्ट्रात घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. ती घेण्यासारखी आहे. त्या निमित्ताने घर तिच्या नावावर होतं, हेही बरंच.

धरमपेठ, लक्ष्मीनगर, रामदासपेठ अशा भागांत आणि मेट्रोच्या लगत तिसरा रस्ता निघतो, प्लॉट बिल्डरला जॉइंट व्हेंचरला देण्याचा. त्यावर वेगळा लेख होईल. इतकंच सांगतो की बांधकामाची दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची असतात आणि ती चार-पाच झाली तर वय थांबत नाही.

मग रिव्हर्स मॉर्गेज कोणाला शोभतं? माझ्या मते अगदी मोजक्या लोकांना, पण त्यांना खरंच शोभतं. वय पंचाहत्तरीच्या पुढे, घराची किंमत चांगली, घर एकमजली किंवा भाड्याने देण्यासारखं नसलेलं, मूलबाळ नाही किंवा मुलांनी ‘आम्हाला घर नको, तुम्ही नीट राहा’ असं मनापासून म्हटलेलं, आणि शेवटपर्यंत याच घरात राहायचं हे पक्कं. अशा जोडप्याने १ कोटी २० लाखांच्या घरावर, वरच्याच दराने आणि टक्क्याने, १० वर्षांसाठी कर्ज घेतलं तर महिन्याला ३४ हजार रुपये मिळतात. त्यात आया, औषधं, स्वयंपाकीण सगळं बसतं. तेच घर, तोच कायदा. फक्त अर्ज करताना साठीऐवजी पंचाहत्तरी गाठलेली. पात्रता साठीला येते म्हणून साठीलाच अर्ज करायचा, ही घाई टाळावी. नियमाप्रमाणे बायकोचं वय ५५ च्या वर असावं लागतं, काही बँका त्याहून जास्त मागतात. नवरा-बायकोच्या वयात मोठं अंतर असेल तर थांबण्याचं ते आणखी एक कारण.

बायकोबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर आणि कर्जही त्याच्या एकट्याच्या नावावर, असं कधीही करू नका. ती सहकर्जदार हवीच. नसेल तर त्याच्या मागे कर्ज परतफेडीला येतं आणि ती स्वतःच्याच घरात पाहुणी होते. कर्ज घेण्यापूर्वी बायकोचं नाव मालकीत घालता येतं. नंतर नाव घालायला गेलात तर तोच कराराचा भंग ठरतो.

उपयोगाचं आणखी एक: सगळी रक्कम महिन्यालाच घ्यावी लागते असं नाही. तिमाही, सहामाही, वार्षिक घेता येते, किंवा मर्यादा मंजूर करून ठेवून लागेल तेव्हा उचलता येते. शेवटचा प्रकार मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, कारण जे उचललं नाही त्यावर व्याज चढत नाही. एकरकमी पैसे मुख्यतः दवाखान्यासाठी मिळतात आणि त्याला पात्र रकमेच्या ५० टक्के व जास्तीत जास्त १५ लाख अशी मर्यादा आहे. धंदा, शेअर, सट्टा यांसाठी हा पैसा वापरता येत नाही. मुलाच्या दुकानात घालण्यासाठी तर मुळीच मागू नये. मुलगा मागत असेल तर त्याने स्वतःच्या नावावर कर्ज काढावं.

करांचं सोपं आहे. ही रक्कम कर्ज असल्यामुळे उत्पन्न धरली जात नाही. १९६१ च्या कायद्यात ती कलम १०(४३) खाली करमुक्त होती आणि घर गहाण ठेवणं हे हस्तांतरही मानलं जात नव्हतं. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले आहेत, ते सीएकडून पाहून घ्या. भांडवली नफ्याचा कर येतो तो पुढे घर प्रत्यक्ष विकलं जाईल तेव्हा.

आता कागद. नागपुरात प्रकरण अडतं ते सहसा इथेच.

घर स्वतः मिळवलेलं हवं. महाल, इतवारीतले वाडे, जिथे आजोबांच्या नावावरून अजून फेरफार झालेला नाही आणि चार चुलत भावांचे हिस्से आहेत, ते आधीच बाद. विकत घेतलेलं किंवा स्वतः बांधलेलं घर असेल तर नोंदणीकृत खरेदीखत, आधीच्या खरेदीखतांची साखळी, आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट लागतो. बहुतेक बँका तीस वर्षांचा मागतात. नगर भूमापनातल्या जागेसाठी आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढा आणि ती नुसती फाईलला लावू नका, वाचा. धारकाच्या रकान्यात तुमचंच नाव आहे ना, क्षेत्रफळ खरेदीखताशी जुळतं ना, इतर शेऱ्यांत जुना बोजा पडून राहिला नाही ना? १९९० च्या दशकात फेडलेल्या घरबांधणी कर्जाचा बोजा आजही कागदावर तसाच असतो, कारण कर्ज फिटल्याचं, म्हणजे बेबाकी प्रमाणपत्र घेऊन कोणी भूमापन कार्यालयात गेलेलंच नसतं.

जमीन कोणाची, हा पुढचा प्रश्न. नागपूर सुधार प्रन्यासचा, म्हणजे नासुप्रचा, लीजचा प्लॉट असेल तर लीज चालू आहे का, नूतनीकरण झालं का ते पाहा; गहाण ठेवायला नासुप्रची ना-हरकत लागते. नझूलच्या, म्हणजे शहरातल्या सरकारी, जागेवर घर असेल तर तीच तऱ्हा, आणि तिथे मुदत संपून वर्षानुवर्षं लोटलेले पट्टे बरेच. विदर्भातल्या नझूल जमिनी फ्रीहोल्ड, म्हणजे पूर्ण मालकीच्या, करण्याची योजना शासनाने आणली होती; ती चालू असेल तर ते काम आधी उरकावं. गृहनिर्माण संस्थेने पाडलेल्या खाजगी लेआउटमधला प्लॉट असेल तर २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली तो नियमित झालाय का? डिमांड नोट भरली, पण प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, म्हणजे आरएल, हातात नाही, अशी घरं दक्षिण आणि पूर्व नागपुरात गल्लोगल्ली आहेत. आरएल नसेल तर बँकेचा वकील पहिल्याच पानावर थांबतो.

नकाशाही लागतो. मंजूर नकाशात तळमजला आणि घरात मात्र वर दोन खोल्या, किंवा पुढची गॅलरी बंद करून काढलेली खोली, यांचं मूल्य बँकेचा व्हॅल्युअर धरत नाही, आणि वाढीव बांधकाम फार असेल तर प्रकरणच परत येतं. घराचं उरलेलं आयुष्य किमान २० वर्षं असावं लागतं. भार भिंतींवर असलेलं, काळ्या मातीत पाया खचून कोपऱ्यांना तिरक्या भेगा गेलेलं घर असेल तर इंजिनिअरचं प्रमाणपत्र मिळणं कठीण. नागपूरच्या काळ्या मातीत ही भेग उन्हाळ्यात उघडते आणि पावसाळ्यात मिटते. रंग मारून झाकली तरी व्हॅल्युअरला कळते. व्हॅल्युअर बाजारभाव सांगतो, शिवाय घाईत विकल्यास येणारा भाव वेगळा लिहितो. बँक कोणता आकडा धरणार आहे, ते विचारून ठेवा. मूल्यांकन किमान दर पाच वर्षांनी पुन्हा व्हायचं असतं. घराची किंमत वाढली असेल तर रक्कम वाढवून मागण्याची ती वेळ.

फ्लॅट असेल तर अपार्टमेंट डीड पाहा. नागपुरातल्या बऱ्याच फ्लॅट स्कीम १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत. डिक्लेरेशन नोंदलेलं आहे का, जमिनीतला तुमचा अविभक्त हिस्सा किती टक्के लिहिलाय, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, एवढं मिळालं तर बरंच मिळालं.

ही सगळी कामं साठीतच करून ठेवावीत, कर्ज घ्यायचं असो वा नसो. पंचाहत्तरीत सदर भागातल्या सरकारी कार्यालयांचे जिने चढवत नाहीत. आणि कागद स्वच्छ असतील तर विकणं, भाड्याने देणं, बिल्डरला देणं, गहाण ठेवणं, चारही रस्ते उघडे राहतात. एकच काम घाईने करू नये: मुलाच्या नावावर बक्षीसपत्र. महाराष्ट्रात राहतं घर मुलांना बक्षीस द्यायला मुद्रांक नाममात्र, २०० रुपये, म्हणून लोक करून टाकतात. त्या दिवसापासून तुम्ही मालक नाही, आणि रिव्हर्स मॉर्गेजही मिळत नाही. करायचंच असेल तर सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली, अट मोडल्यास ते रद्द करून मागता येतं. मृत्युपत्र मात्र जरूर करा. कर्ज देताना बँकही नोंदणीकृत मृत्युपत्र मागू शकते.

बँकेत गेल्यावर पहिल्या शाखेत ‘अशी योजना नाही’ असं ऐकायला मिळण्याची शक्यता बरीच, कारण तिथल्या अधिकाऱ्याने असं प्रकरण कधी केलेलंच नसतं. क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि लेखी उत्तर मागा. मंजुरीपत्रात पुढच्या गोष्टी शोधा: व्याज स्थिर की बदलतं, प्रक्रिया, वकील आणि मूल्यांकन यांचा खर्च किती, आधी फेडल्यास दंड नाही असं लिहिलंय का. कागद झाल्यावर विचार बदलला तर तीन दिवसांत व्यवहार मागे घेता येतो, तो हक्क कसा बजावायचा तेही विचारा. घराचा विमा, मनपाचा मालमत्ता कर आणि डागडुजी तुमच्याकडेच राहते, आणि यातलं काही थकलं तर तोही कराराचा भंग. दर वर्षी कराची पावती आणि विम्याची प्रत एका फाईलला लावत जा.

सलग एक वर्ष त्या घरात राहिलं नाही तर कर्ज परतफेडीला येतं. मे-जूनचे दोन महिने मुलाकडे पुण्यात काढायला अडचण नाही. पण नातवंडाच्या जन्मासाठी अमेरिकेला गेलात, मुक्काम लांबला आणि चौदा महिने झाले, तर परत आल्यावर बँकेचं पत्र फाटकात असू शकतं. जाण्यापूर्वी शाखेला कळवा आणि वर्षाच्या आत परत या.

मुलांना सही करताना सोबत बसवा. त्यांची संमती कायद्याला लागो न लागो, पुढचं काम त्यांनाच करायचं आहे. दोघांपैकी शेवटची व्यक्ती गेली की बँक वारसांना ठराविक मुदत देते. ती किती महिन्यांची, हे करारात आजच अधोरेखित करून ठेवा. त्या मुदतीत वारसांनी मृत्यूचा दाखला देऊन त्या तारखेचं येणं लेखी मागायचं. घर ठेवायचं असेल तर तेवढे पैसे भरायचे, ठेवायचं नसेल तर स्वतः गिऱ्हाईक शोधून विकायचं. बँकेने लिलाव केला तरी येणं वजा जाऊन उरलेले पैसे वारसांचेच असतात, पण लिलावात भाव पडतो, म्हणून स्वतः विकणं चांगलं. पैसे भरल्यावर मूळ खरेदीखत, बेबाकी प्रमाणपत्र आणि ‘सरसाई’ या गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीतून बोजा उतरल्याचा पुरावा घ्यायचा, आणि मग नगर भूमापन कार्यालयात जाऊन आखीव पत्रिकेवरचा शेराही काढून घ्यायचा.